इंग्रजी ‘टाइम’ला रोमानियन भाषेत काय म्हणतात? मराठी माणसांना वारंवार पडणारे प्रश्न

मी रोमानियातल्या क्लुज-नापोका शहरात काही वर्षं शिकायला होते आणि आता मराठी मुलांना रोमानियन शिकवते. कुणी नोकरीसाठी निघालेलं असतं, कुणी वैद्यकीय शिक्षणासाठी, कुणाचा जोडीदार तिकडचा असतो. पहिल्या महिन्यात सगळ्यांची गाडी हमखास एकाच शब्दावर अडते, तो म्हणजे ‘टाइम’. शब्दकोशात बघितलं तर समोर पाच-सहा शब्द येतात आणि त्यातला कुठला उचलायचा ते समजत नाही. मला सतत विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

आधी थोडक्यात सांगा: ‘टाइम’ला रोमानियन शब्द कोणता?

एकच शब्द नाही. मुख्य शब्द पाच आहेत: तिम्प, व्रेमे, ओरऽ, ओआरऽ आणि दातऽ. सहावा च्यास, तो घड्याळासाठी. यादी बघून घाबरू नका. मराठीतही आपण एका शब्दावर कुठे भागवतो? ‘मला वेळ नाही’, ‘तीन वेळा सांगितलं’, ‘किती वाजले’, ‘एकदा येऊन जा’, ‘आजीच्या काळी’ ही पाचही वाक्यं इंग्रजीत ‘टाइम’वर चालतात. मराठीत वेळ, वेळा, वाजणं, -दा आणि काळ अशी त्यांची वाटणी झालेली आहे. रोमानियनची वाटणी बरीचशी आपल्यासारखीच आहे, म्हणून माझं पहिल्या तासापासून एकच सांगणं असतं: रोमानियन बोलताना मनात इंग्रजी वाक्य जुळवू नका, मराठी जुळवा.

हे शब्द देवनागरीत लिहिलेत, पण उच्चार कसा करायचा?

इथे मराठी माणसाचं नशीब चांगलं आहे. इंग्रजी ‘टाइम’मधला ट आपण मूर्धन्य उच्चारतो. रोमानियन त मात्र दातांना जीभ लावून, आपल्या ‘ताक’मधल्या तसारखा. द सुद्धा ‘दही’तला. म्हणून टिम्प नाही, तिम्प.

शब्दाच्या शेवटी मी जिथे ऽ हे चिन्ह दिलंय, तिथे आपला साधा अ स्पष्ट ऐकू यायला हवा. रोमानियन लिपीत या अ साठी वेगळं अक्षरच आहे, डोक्यावर वाटीसारखी खूण असलेला ए. ‘दातऽ’ हा शब्द तोंडातल्या दातासारखा संपवलात तर अर्धवट वाटतो. ‘ओरि’, ‘तिम्पुरि’ या शब्दांतला शेवटचा इ नुसता कुजबुजायचा, त्याची वेगळी मात्रा होऊ द्यायची नाही. आणि ‘कित’, ‘इंत्रे’ या शब्दांतला इ खरं तर आपल्याकडे नाही. इ म्हणायला ओठ पसरा आणि जीभ थोडी मागे ओढा, म्हणजे जवळपास येतो. त्सचा उच्चार ‘चमचा’तल्या चसारखा करा, तंतोतंत बसतो.

‘मला वेळ नाही’ कसं म्हणायचं?

‘नाम तिम्प.’ तिम्प हा लॅटिन ‘तेम्पुस’चा वारस आहे आणि तो प्रामुख्याने अवधी सांगतो, म्हणजे पुल्लिंगी ‘वेळ’. ‘कित तिम्प?’ म्हणजे किती वेळ? (इथला ‘कित’ ऐकताना ‘किती’च आठवतो, त्याचा पाठांतराला उपयोग करून घ्या.) ‘तिम्प लिबेर’ म्हणजे मोकळा वेळ, ‘तोत तिम्पुल’ म्हणजे सारखं, सदानकदा. ‘ला तिम्प’ म्हणजे वेळेवर, ‘दिन तिम्प’ म्हणजे वेळेआधी, पुरेशी सवड ठेवून. ‘इंत्रे तिम्प’ म्हणजे दरम्यान. ‘कु तिम्पुल’ म्हणजे हळूहळू, कालांतराने.

‘तिम्पुल’मधला शेवटचा उल हे उपपद आहे. रोमानियनमध्ये ‘तो विशिष्ट’ हा अर्थ शब्दाच्या शेपटीला जोडतात: तिम्प, तिम्पुल, व्रेमे, व्रेम्या, ओरऽ, ओरा, दातऽ, दाता. शब्दाच्या शेवटी काहीतरी चिकटवण्याची सवय आपल्याला विभक्तीमुळे असतेच. बोलताना तिथले लोक उलमधला ल बऱ्याचदा खातात आणि ‘तिम्पु’ एवढंच ऐकू येतं. ते चुकीचं ऐकलं असं समजू नका.

‘निघायची वेळ झाली’ यालाही तिम्पच लागतो: ‘ये तिम्पुल सऽ प्लेकम.’ म्हणजे मराठीत जिथे स्त्रीलिंगी ‘वेळ’ येते तिथेही तिम्प चालू शकतो. वाटणी आपल्यासारखी आहे असं मी म्हटलं, पण ती शंभर टक्के जुळत नाही, हे या वाक्यापासून ध्यानात ठेवा.

‘तीन वेळा’ला ‘त्रेइ तिम्पुरि’ का म्हणत नाहीत?

कारण तिम्पुरि म्हणजे ‘काळ’, अनेक काळ. ‘त्रेइ तिम्पुरि’ ऐकून रोमानियन माणसाला व्याकरणातला भूत, वर्तमान, भविष्य आठवेल. मोजायच्या वेळा वेगळ्या: ‘दे त्रेइ ओरि’. मराठीत ‘तीन वेळ सांगितलं’ आणि ‘तीन वेळा सांगितलं’ यांत कान लगेच फरक करतो ना, तसाच तिथला कान करतो.

नियम असा. एकदा म्हणजे ‘ओ दातऽ’. दोनपासून पुढे ‘दे’ लावून ‘ओरि’: ‘दे दोवऽ ओरि’, ‘दे त्रेइ ओरि’, ‘दे चिंचि ओरि’. वीसपासून शंभरपर्यंतच्या सगळ्या आकड्यांना आणखी एक ‘दे’ लागतो: ‘दे दोवझेचि दे ओरि’. किती वेळा? ‘दे किते ओरि?’

पहिल्यांदा, दुसऱ्यांदा म्हणताना मात्र ओरिचं एकवचन ओआरऽ बाहेर येतं: ‘प्रिमा ओआरऽ’ पहिल्यांदा, ‘आ दोवा ओआरऽ’ दुसऱ्यांदा. ‘प्रिमा दातऽ’ही तितकंच बरोबर आणि रोजच्या बोलण्यात भरपूर ऐकू येतं. पुढच्या वेळी म्हणजे ‘दाता वीतोआरे’, गेल्या वेळी म्हणजे ‘दाता त्रेकुतऽ’.

ओरिचं बरंच गोत आहे: ‘उनेओरि’ कधीकधी, ‘देसेओरि’ वारंवार, ‘रारेओरि’ क्वचित. प्रत्येकात शेवटी ‘वेळा’ लपलेल्या आहेत.

पाढ्यातलं ‘टाइम्स’ कसं म्हणतात?

तेही ओरि. ‘दोइ ओरि दोइ फाक पात्रु’ म्हणजे बे दुणे चार. इथे आधी ‘दे’ लावायचा नाही. ‘पट’ सांगायची असेल तर ‘दे’ परत येतो: ‘दे दोवऽ ओरि माइ मारे’ म्हणजे दुप्पट मोठा. आपल्याकडे ‘वेळा’, ‘पट’ आणि पाढ्यातलं ‘दुणे-त्रिक’ हे तीन वेगळे मामले आहेत, तिकडे एकटा ओरि तिन्ही सांभाळतो.

ओरऽ आणि ओआरऽ यांत मी रोज गोंधळतो. काय करू?

दोन्ही एकाच लॅटिन ‘होरा’तून आले. ओआरऽ हा बोलीतून पिढ्यानपिढ्या झिजत आलेला, ओरऽ हा नंतर पुस्तकी वाटेने पुन्हा घेतलेला. आता अर्थ पूर्ण वेगळे आहेत. ओरऽ म्हणजे तास, अनेकवचन ओरे. ओआरऽ म्हणजे खेप, वेळ, अनेकवचन ओरि. ‘त्रेइ ओरे’ म्हणजे तीन तास. ‘दे त्रेइ ओरि’ म्हणजे तीन वेळा.

असा एखाद्या स्वराचा किंवा शब्दाच्या जागेचा फरक किती महाग पडू शकतो ते मी स्वतः अनुभवलंय. क्लुजमधल्या पहिल्याच हिवाळ्यात घसा धरला होता. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी गोळ्यांच्या खोक्यावर निळ्या पेनाने लिहून दिलं: ‘१ ला ८ ओरे’. मी ते वाचलं आठ वाजता एक, आणि दोन दिवस रात्री आठला इमानेइतबारे एकेक गोळी घेत राहिले. ताप उतरेना. तिसऱ्या दिवशी खोकं घेऊन परत गेले तेव्हा त्या बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट नेलं आणि काटा फिरवल्यासारखं हवेत तीनदा दाखवलं: आठ, चार, बारा. ‘ला ८ ओरे’ म्हणजे दर आठ तासांनी. ‘ला ओरा ८’ म्हणजे आठ वाजता. अक्षरं जवळपास तीच, जागा बदलली की गोळ्या तिप्पट. तेव्हापासून माझ्या पहिल्या धड्यात औषधाचं खोकं असतंच.

खोक्यावर दिसणारे आणखी दोन प्रकार लिहून ठेवा: ‘दे त्रेइ ओरि पे झि’ म्हणजे दिवसातून तीन वेळा, आणि ‘दिन ८ इन ८ ओरे’ म्हणजे दर आठ तासांनी. शंका आली तर सरळ म्हणा, ‘माइ स्पुनेत्सि ओ दातऽ, वऽ रोग’. पुन्हा एकदा सांगा, कृपया. औषधाच्या बाबतीत पुन्हा विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

आपल्या पंचांगातल्या ‘होरा’शी याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि अगदी सख्खा आहे. मूळ ग्रीक ‘होरा’. तो लॅटिनमधून रोमानियनमध्ये पोचला आणि ग्रीक ज्योतिषाबरोबर संस्कृतात येऊन आपल्या पंचांगात बसला. रोमानियन ओरऽ आणि मराठी होरा ही एकाच आईची दोन घरी वाढलेली लेकरं आहेत.

रोमानियनमध्ये ‘होरऽ’ असाही एक शब्द सापडेल. तो मात्र लग्नकार्यात हातात हात धरून गोल फिरत करायचा नाच. त्याचा तासाशी संबंध जोडू नका.

‘किती वाजले?’ कसं विचारायचं आणि उत्तर कसं समजून घ्यायचं?

‘कित ये च्यासुल?’ शब्दशः ‘घड्याळ किती आहे?’ च्यास हा स्लाव्ही (रशियन, बल्गेरियन यांच्या कुळातल्या) भाषांमधून आलेला शब्द. त्याचा अर्थ घड्याळही आणि जुन्या वळणाच्या भाषेत तासही. आपल्याकडे घटका मोजणारं ते घड्याळ, तशातला प्रकार. ‘चे ओरऽ ये?’ असंही विचारतात. अमुक गोष्ट किती वाजता आहे हे विचारताना ‘ला चे ओरऽ?’

उत्तरं मराठी माणसाला इंग्रजीपेक्षा सोपी जातात. ‘चिंचि शि उन स्फेर्त’ म्हणजे पाच आणि पाव, सव्वापाच. ‘चिंचि शि झुमताते’ म्हणजे पाच आणि अर्धा, साडेपाच. ‘चिंचि फरऽ उन स्फेर्त’ म्हणजे पाव वजा पाच, पावणेपाच. इथे मला नेहमी थांबावंसं वाटतं. आपला ‘पावणे’ हा शब्द ‘पाद’ आणि ‘ऊन’ यांचा, म्हणजे पाव कमी असलेला. रोमानियन ‘फरऽ’ म्हणजे ‘विना’. दोन्ही भाषा पुढचा पूर्ण आकडा धरतात आणि त्यातून पाव काढून घेतात. माझ्या वर्गातली मुलं हे एकदा ऐकतात आणि पुन्हा कधी चुकत नाहीत.

एक बारकावा. ओरऽ स्त्रीलिंगी, म्हणून दोन वाजता म्हणजे ‘ओरा दोवऽ’, ‘ओरा दोइ’ नाही. बारा वाजता म्हणजे ‘ओरा दोवस्प्रेझेचे’, ‘दोइस्प्रेझेचे’ नाही. बारा वाजताची चूक खुद्द रोमानियन लोकही पुष्कळ करतात आणि तिथले भाषाशिक्षक त्यावर चिडतात. एक वाजता मात्र ‘ओरा उनु’, तिथे पुल्लिंगी रूपच रूढ आहे.

‘व्रेमे’ म्हणजे हवामान की वेळ?

दोन्ही. ‘कुम ये व्रेम्या?’ म्हणजे हवा कशी आहे? ‘नाम व्रेमे’ म्हणजे मला वेळ नाही. टीव्हीवर ‘व्रेम्या’ असं आलं की पाऊस, बर्फ आणि वाऱ्याच्या बातम्या. तिथला राष्ट्रीय हवामान विभागही पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देतो, आपल्या हवामान खात्यासारखेच. फोनवर ‘कोद रोशु’ असा संदेश आला तर तो लाल इशारा आहे, घराबाहेर पडू नका.

वेळ आणि हवा यांना एकच शब्द कसा, असं मुलं विचारतात. शेतकऱ्याच्या डोळ्यांनी बघा. आपल्याकडे ‘पावसाचे दिवस आहेत’ म्हणतो तेव्हा आपण हवा सांगतो की काळ? ‘वेळेवर पाऊस झाला’, ‘अवकाळी पाऊस झाला’ या वाक्यांत काळ आणि पाऊस एकमेकांत विणलेले आहेत. ‘अवकाळी’ हा शब्द मी रोमानियन मैत्रिणीला समजावून सांगितला तेव्हा तिला तो एका दमात कळला.

व्रेमे हा शब्दही स्लाव्ही भाषांकडून आलेला. भाषाशास्त्रज्ञ त्याची मुळं ‘वळणे, फिरणे’ या अर्थाच्या प्राचीन धातूपर्यंत नेतात, तोच संस्कृत ‘वृत्’. आपला वर्तमानकाळ त्याच धातूचा. इ.स. १०६ मध्ये रोमन सम्राट ट्राजानने डाकिया (आजच्या रोमानियाच्या भागातला प्राचीन प्रदेश) जिंकली, तिथे लॅटिन रुजली, आणि नंतरच्या शतकांत स्लाव्ही शेजाराने तिच्यात शेकडो शब्द ओतले. म्हणून एकाच घरात लॅटिन तिम्प आणि स्लाव्ही व्रेमे नांदतात.

मग तिम्प कधी आणि व्रेमे कधी?

हवेसाठी व्रेमे घ्या. ‘तिम्प फ्रुमोस’ म्हणजे छान हवा असंही ऐकू येतं, पण नवशिक्याने व्रेमेच धरावा. मिनिटं, तास, कामं यांच्यासाठी तिम्प. आठवणीत रमायचं असेल, जुने दिवस सांगायचे असतील तर पुन्हा व्रेमे: ‘पे व्रेम्या बुनिचि’ म्हणजे आजीच्या काळी, ‘पे व्रेमुरि’ म्हणजे पूर्वी, त्या काळी. ‘व्रेमुरि ग्रेले’ म्हणजे कठीण काळ. तिम्प मला कचेरीतला वाटतो, व्रेमे ओसरीवरचा. हा माझा कान आहे, नियम नाही, पण आजवर त्याने दगा दिलेला नाही.

‘देव्रेमे’ म्हणजे लवकर. त्याच्या आत व्रेमे बसलाय हे दिसलं की तो विसरला जात नाही. उशिरा म्हणजे ‘तिर्झिउ’.

‘ओ दातऽ’ आणि ‘ओदातऽ’ हे एकच आहेत ना?

नाहीत. ही चूक रोमानियन मुलं शाळेत करतात, मोठी माणसं फोनवर करतात. त्यामुळे तुमच्याकडून झाली तर मनाला लावून घेऊ नका, पण फरक समजून घ्या.

‘ओ दातऽ’, दोन शब्द, मोजायचं एकदा. ‘मी क्लुजला एकदाच गेलोय’ यातलं. दोनदा नाही, तीनदा नाही. ‘ओदातऽ’, एक शब्द, कधीतरी, कोणे एके काळी. ‘एकदा काय झालं…’ यातलं. मराठीत दोन्हीकडे ‘एकदा’च, फक्त मोजायचं असेल तेव्हा आपण ‘च’ लावतो. तेव्हा तुमच्या मनातल्या वाक्याला ‘च’ लागतो का बघा. लागला तर मधे जागा सोडा.

ओदातऽचा आणखी एक उपयोग आहे आणि तो शिकवायला मला सगळ्यात आवडतो. ‘विनो ओदातऽ!’ म्हणजे ‘ये की रे एकदाचा!’ वैतागलेली आई दारात उभी राहून जे ‘एकदाचा’ म्हणते, नेमका तोच सूर. इंग्रजीतून हे समजावताना तीन वाक्यं लागतात. मराठी मुलाला ‘एकदाचा’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

‘ओदातऽ चे’ (एकदा का अमुक झालं की) आणि ‘ओदातऽ कु’ (अमुकबरोबरच) हे पूर्वी जागा सोडून लिहीत. रोमानियन अकादमीच्या शुद्धलेखन कोशाची दुसरी आवृत्ती २००५ मध्ये आली तेव्हापासून ते जोडून लिहितात. तिसरी आवृत्ती २०२१ ची. जुन्या पुस्तकात वेगळं दिसलं तर ते त्या काळी बरोबरच होतं.

मराठीतला ‘-दा’ आणि रोमानियन ‘दातऽ’ एकच का?

नाही, हा निव्वळ योगायोग. आपला एकदा, अनेकदा, कदा, सदा यांतला -दा संस्कृत प्रत्यय आहे. दातऽ ‘देणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाच्या कुळातला. पण पाठांतराला योगायोगही उपयोगी: एकदा, ओ दातऽ.

त्याचे नातेवाईक पाठ करून टाका. ‘निचोदातऽ’ कधीच नाही, ‘कितेओदातऽ’ कधीकधी, ‘देओदातऽ’ अचानक, ‘देओकामदातऽ’ तूर्तास. ‘निचोदातऽ’बरोबर क्रियापदालाही नकार लागतो, ‘मी कधीच गेलो नाही’सारखा. इंग्रजी शिकताना दुहेरी नकार टाळायला शिकलात, तो धडा इथे विसरा.

रोमानियन परीकथा ‘आ फोस्त ओदातऽ का निचोदातऽ’ने सुरू होते: एकदा असं होतं, जसं कधीच नव्हतं. आपल्या कहाणीत आटपाट नगर येतं, त्या जागी हे वाक्य येतं. मुलं ते ऐकून गप्प होतात.

दातऽचा अर्थ दिनांकही होतो. फॉर्मवर ‘दाता नाश्तेरि’ दिसलं तर जन्मतारीख लिहायची.

‘हॅव अ गुड टाइम’ कसं म्हणू?

तिम्प वापरू नका. ‘उन तिम्प बुन’ ऐकून रोमानियन माणसाला धावण्याच्या शर्यतीतली चांगली वेळ आठवेल. जाणाऱ्याला ‘दिस्त्राक्त्सिए प्लकुतऽ!’ म्हणा, म्हणजे मजा करा. परत आल्यावर ‘माम सिम्त्सित बिने’, मला छान वाटलं, मजा आली. मराठीत आपणही ‘चांगला टाइम झाला’ म्हणत नाही, ‘मजा आली’ म्हणतो.

नोकरीच्या कागदपत्रांत आणि कामावर कोणते शब्द येतील?

इथे तिम्पपेक्षा वेगळे शब्द जास्त भेटतात. दुकानाच्या किंवा कचेरीच्या दारावर ‘प्रोग्राम’ असं लिहून खाली आकडे असतील तर ती उघडण्या-बंद होण्याची वेळ, कुठला कार्यक्रम नव्हे. ‘ओरार’ म्हणजे वेळापत्रक. पूर्णवेळ नोकरीला ‘नोर्मऽ इंत्रियागऽ’ म्हणतात, अर्धवेळला ‘झुमताते दे नोर्मऽ’. ‘तुरऽ’ म्हणजे पाळी, ‘तुरऽ दे नोआप्ते’ रात्रपाळी. आणि ‘ओरे सुप्लिमेंतारे’ म्हणजे जादा तास, ओव्हरटाइम. करारावर सही करण्याआधी हे शेवटचे दोन शब्द कुठे आहेत आणि त्यापुढे काय लिहिलंय ते शोधा. समजलं नाही तर समजणाऱ्याला दाखवा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कामगाराला मी हे हात जोडून सांगते.

रेल्वे स्टेशनवर वेळापत्रकाला ‘मेर्सुल त्रेनुरिलोर’ म्हणतात, शब्दशः गाड्यांची चाल. फलकावर ‘इंतिर्झिएरे’पुढे आकडा आला तर गाडी तेवढी मिनिटं उशिरा.

घरी फोन करताना वेळेचं गणित कसं?

‘फुस ओरार’ म्हणजे वेळेचा पट्टा. हिवाळ्यात रोमानिया आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, उन्हाळ्यात अडीच तास. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, ती ‘ओरा दे वारऽ’, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं, ती ‘ओरा दे यार्नऽ’. तिकडे हिवाळ्यात संध्याकाळी सात वाजता फोन केलात तर इकडे साडेदहा वाजलेले असतात, आई-बाबा झोपायला निघालेले असतात.

तिम्प पुल्लिंगी की नपुंसकलिंगी?

रोमानियन नपुंसकलिंग आपल्यासारखं स्वतंत्र नाही. ते एकवचनात पुल्लिंगासारखं वागतं आणि अनेकवचनात स्त्रीलिंगासारखं. काळ या अर्थी तिम्प तसा आहे: ‘उन तिम्प’, ‘दोवऽ तिम्पुरि’. पण संगीतातली मात्रा किंवा इंजिनचा ठोका या अर्थी त्याचं अनेकवचन पुल्लिंगी होतं, ‘तिम्पि’. चार ठोक्यांचं, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिन ‘मोतोर इन पात्रु तिम्पि’.

अर्थाप्रमाणे लिंग बदलतं हे ऐकून इंग्रजी माध्यमातली मुलं कपाळाला हात लावतात. मग मी त्यांना विचारते: ‘माझा वेळ गेला’ आणि ‘जेवायची वेळ झाली’ यांत काय फरक? वेळ जातो तेव्हा पुल्लिंगी, वेळ येते तेव्हा स्त्रीलिंगी. हे त्यांना कुणीही न शिकवता येत असतं.

‘च्यास’चे काही वाक्प्रचार?

‘इंत्रुन च्यास बुन!’ म्हणजे शुभ घडी लाभो. नवं घर, नवी नोकरी, मूल होणार असेल, तेव्हा म्हणतात. आपल्या चांगल्या मुहूर्ताच्या शुभेच्छेसारखंच. आणि ‘इन च्यासुल आल दोइस्प्रेझेचेल्या’, बाराव्या घटकेला, म्हणजे अगदी शेवटच्या क्षणी, ऐन वेळी.

तिमिशोआरा शहराच्या नावात ‘तिम्प’ आणि ‘ओआरऽ’ दोन्ही आहेत का?

दिसायला आहेत, पण खरे नाहीत. हे नाव हंगेरियन ‘तेमेश्वार’वरून आलं. तेमेश, म्हणजे रोमानियन तिमिश, ही नदी, आणि ‘वार’ म्हणजे किल्ला. कम्युनिस्ट राजवट उलथवणारी डिसेंबर १९८९ ची क्रांती याच शहरात पेटली, म्हणून नाव तुमच्या कानावर आलेलं असेल. खरा ‘तिम्पुल’ बघायचा असेल तर एकोणिसाव्या शतकातलं बुखारेस्टचं त्या नावाचं वृत्तपत्र आठवा. रोमानियाचे राष्ट्रकवी मिहाइ एमिनेस्कु १८७७ पासून काही वर्षं तिथे संपादकीय काम करत होते.

सरावासाठी रोज काय करू?

झोपण्याआधी दिवसभरात बोललेली पाच मराठी वाक्यं आठवा ज्यांत वेळ, वेळा, वाजले, एकदा, काळ किंवा हवा आली होती. त्या प्रत्येकाला रोमानियन शब्द लावा. ‘दोन वेळा फोन केला’: दे दोवऽ ओरि. ‘दोन तास वाट पाहिली’: दोवऽ ओरे. ‘दोन वाजता निघालो’: ला ओरा दोवऽ. ही तीन वाक्यं न अडखळता म्हणता आली की औषधाच्या दुकानात एकट्याने जायला हरकत नाही.